उसना हेल

बाईंच्या स्मृतिदिनी बोलायला याल का, असा निरोप आला तेव्हा मला विषय शोधावा लागला नाही. बाई आम्हाला नाटक शिकवायच्या, पण नाटकाच्या आधी ऐकायला शिकवायच्या. समोरचा माणूस कुठे थांबतो, कोणत्या अक्षरावर जोर देतो, कोणता शब्द अर्धाच गिळतो, ते नीट ऐक म्हणायच्या. त्यावरून त्याचं गाव कळतं, घर कळतं, आणि तो कशाला घाबरतो तेही कळतं. आज मी ज्या नटीविषयी बोलणार आहे, तिचं सगळं आयुष्य तिच्या तोंडच्या हेलाभोवती फिरलं. तिचं नाव रीटा मोरेनो. ती कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटावर जन्मली, न्यूयॉर्कमध्ये वाढली, आणि आज नव्वदी ओलांडून गेली आहे. मी तिला एकेरीत ‘ती’ म्हणणार आहे. लता, आशा असं आपण म्हणतो ना, तसंच. ज्यांचा आवाज घरात राहतो त्यांना अहोजाहो करायला जीभ वळत नाही.

गोष्ट मी एका अंधाऱ्या खोलीपासून सुरू करते. न्यूयॉर्कमधली ध्वनिमुद्रणाची खोली. पडद्यावर अमेरिकन चित्रपट चालू आहे, त्यातली लहान मुलगी इंग्रजीत बोलते आहे, आणि तिच्या ओठांकडे बघत मायक्रोफोनपुढे उभी राहिलेली अकरा वर्षांची एक पोर तेच संवाद स्पॅनिशमध्ये म्हणते आहे. चेहरा गोऱ्या मुलीचा, आवाज हिचा. स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतल्या प्रेक्षकांना तो आवाज ऐकू जाणार, पण तो कुणाचा हे कधीच कळणार नाही. रीटा मोरेनोची सिनेमातली पहिली कमाई ही अशी. पुढच्या आयुष्यात काय वाढून ठेवलं आहे, ते सगळं त्या खोलीत होतं असं मला वाटतं.

तेव्हा तिचं नाव रीटा नव्हतं. ११ डिसेंबर १९३१ रोजी उमाकाओ गावी जन्मलेली रोसा दोलोरेस आल्वेरिओ, घरात रोसिता. आई शिवणकाम करायची. आईवडिलांचं पटलं नाही, आणि १९३६ साली आई पाच वर्षांच्या रोसिताला घेऊन बोटीने न्यूयॉर्कला आली. धाकटा भाऊ फ्रान्सिस्को वडिलांकडे राहिला. तो पुन्हा तिला कधी दिसला नाही. एवढी मोठी गोष्ट एका वाक्यात सांगून मी पुढे जाते आहे, कारण तिनेही ती अनेक वर्षं अशीच गिळून ठेवली होती. शेवटाकडे आपण या भावाकडे परत येऊ.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. १८९८ साली स्पेनशी झालेल्या युद्धानंतर पोर्तो रिको अमेरिकेच्या ताब्यात गेलं आणि १९१७ साली तिथल्या लोकांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं. म्हणजे रोसिता बोटीतून उतरली ती कायद्याने आपल्याच देशात. तरीही ब्राँक्सच्या गल्लीत ती परकीच होती. शाळेत पहिल्या दिवशी बसली तेव्हा इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. गल्लीतली पोरं शिव्या द्यायची, आणि कोणत्या टोळीच्या वस्तीतून जायचं नाही हे तिला लवकरच पाठ झालं. मूल अशा वेळी जे करतं तेच तिने केलं. ऐकलं आणि उचललं. इंग्रजी ती इतकी स्वच्छ शिकली की डोळे मिटून ऐकलं तर न्यूयॉर्कची मुलगीच बोलते आहे असं वाटावं. हे मुद्दाम सांगते आहे, कारण थोड्याच वर्षांत हे स्वच्छ इंग्रजी तिला मोडून दाखवावं लागणार होतं.

नाच ती शिकली पाको कान्सिनो यांच्याकडे. हे प्रसिद्ध नटी रीटा हेवर्थचे काका. तेराव्या वर्षी, १९४५ साली, ‘स्कायड्रिफ्ट’ नावाच्या नाटकात ब्रॉडवेवर उभी राहिली. नाटक लगेच बंद पडलं. शाळा सुटली, छोट्यामोठ्या ठिकाणी नाचगाण्याची कामं सुरू झाली. मग तो प्रसंग आला जो तिने पुढे अनेक मुलाखतींत रंगवून सांगितला. एमजीएम या बलाढ्य चित्रसंस्थेचे सर्वेसर्वा लुई मायर न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलात उतरले होते. मायलेकी त्यांना भेटायला गेल्या. मुलीने एलिझाबेथ टेलरसारख्या भुवया रेखल्या होत्या, तिच्यासारखीच कंबर आवळून घेतली होती. मायर यांनी पाहिलं आणि ही तर स्पॅनिश एलिझाबेथ टेलर, असं म्हणून तिथल्या तिथे करार देऊ केला.

विशेषण बघा. टेलर नव्हे, स्पॅनिश टेलर. त्या एका शब्दात पुढच्या दहा वर्षांचा हिशेब होता.

नावही बदललं. आडनाव सावत्र वडिलांचं, मोरेनो, ते राहिलं. रोसिता हे नाव फारच परकं वाटतं म्हणून रीटा ठेवलं, रीटा हेवर्थवरून. या नावापाशी मी नेहमी अडखळते. रीटा हेवर्थचं मूळ नाव मार्गारिता कार्मेन कान्सिनो. तिचे वडील स्पॅनिश नर्तक. हॉलिवूडने तिचे काळे केस लाल केले, कपाळावरची केसांची रेघ विजेच्या उपचारांनी मागे सरकवली, आईचं आडनाव लावायला लावलं आणि तिच्यातली स्पॅनिश मुलगी पुसून तिला अमेरिकन सौंदर्याची मूर्ती केलं. त्याच हॉलिवूडने तिचं नाव या पोर्तो रिकन मुलीला दिलं आणि हिच्यावर उलटा प्रयोग केला. हिच्या अंगावर परकेपणाचा रंग चढवला. एका रीटाचं जे खरवडून काढलं, ते दुसऱ्या रीटाला फासलं. दोघींपैकी एकीलाही कुणी विचारलं नाही.

मग भूमिकांची रांग लागली. ‘पेगन लव्ह साँग’मध्ये ताहितीची मुलगी, पुढे अमेरिकेतल्या आदिवासी मुली, मेक्सिकन गायिका. १९५६च्या ‘द किंग अँड आय’मध्ये सयामच्या राजाला नजर केलेली ब्रह्मदेशी तरुणी तुपतिम. या बायका कुठल्या बेटावरच्या, कुठल्या जमातीच्या, काय भाषा बोलणाऱ्या, याच्याशी लिहिणाऱ्याला देणंघेणं नव्हतं. पायात चप्पल नाही, केस मोकळे, कानात मोठ्या रिंगा, आणि नायक दुसरीकडे वळला की डोळ्यांत पाणी. या सगळ्यांच्या तोंडी कोणतं इंग्रजी घालायचं? तिनेच सांगितलं आहे की तिने सगळ्यांसाठी मिळून एकच हेल तयार केला. सगळ्या परक्यांना चालेल असा. कुणीही कधी तक्रार केली नाही, कारण तो हेल खरा आहे की खोटा हे तपासणारं तिथे कुणी नव्हतंच.

श्रोतेहो, हे मी वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. मी खेड्यातून शहरातल्या शाळेत आले तेव्हा मला ‘ण’ म्हणता येत नव्हता. ‘पानी’, ‘लोनी’, ‘कोन’. वर्ग हसायचा. बाईंनी एकदा मला मधल्या सुट्टीत थांबवून घेतलं आणि म्हणाल्या, “ण शिक, पण न टाकू नकोस. तो तुझ्या आईचा आहे.” पुढे मी नाटकांत कामं करू लागले, आणि मला बहुतेक मोलकरणीची, गावाकडच्या म्हातारीची कामं मिळत गेली. त्याचं मला वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटायचं ते वेगळ्या गोष्टीचं. तालमीत सांगितलं जायचं, अजून गावरान बोला. मी तर माझ्या आईसारखंच बोलत होते, आणि ते पुरेसं गावरान नव्हतं! त्यांना हवी होती ती बोली साताऱ्याची नव्हती, सोलापूरची नव्हती, नागपूर-भंडाऱ्याकडची नव्हती, मालवणची तर नव्हतीच. कोणत्याच तालुक्यात ती कुणी बोलत नाही. ती फक्त नाटकात असते. मी ती शिकले आणि त्यावर माझी चूल पेटली. म्हणून रीटा मोरेनोच्या त्या सगळ्यांना चालणाऱ्या हेलाविषयी वाचताना मला तो ऐकू आला.

त्या दहा वर्षांत एकच चित्रपट असा होता जिथे तिला असा हेल लावावा लागला नाही. १९५२चा ‘सिंगिंग इन द रेन’. जीन केली यांनी तिला झेल्डा झँडर्स ही मूकपटांच्या काळातल्या नटीची छोटी भूमिका दिली. लाल केसांचा टोप घालून ती मिरवते. झेल्डा पोर्तो रिकन नाही, परकी नाही, नुसती एक नटी आहे. या चित्रपटाची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. बोलपट आले, नायिकेचा आवाज कर्कश, म्हणून पडद्यामागून दुसऱ्या मुलीचा आवाज वापरतात. आवाज एकीचा, चेहरा दुसरीचा. ही लबाडी नायिकेच्या कानावर घालते ती झेल्डाच. अकराव्या वर्षी पडद्याच्या अंधाऱ्या बाजूला उभं राहून आवाज देणाऱ्या मुलीने हे काम केलं, हे मला विसरता येत नाही.

आता ‘वेस्ट साइड स्टोरी’. इथे मात्र मी रेंगाळणार आहे.

मुळात हे १९५७चं ब्रॉडवेचं संगीत नाटक. रोमिओ आणि ज्युलिएटची गोष्ट न्यूयॉर्कच्या गल्लीत आणलेली, एका बाजूला गोऱ्या पोरांची टोळी, दुसऱ्या बाजूला पोर्तो रिकन पोरांची. रॉबर्ट वाइज आणि जेरोम रॉबिन्स यांनी त्याचा चित्रपट केला तो १९६१ साली आला. पोर्तो रिकन टोळीच्या म्होरक्याची मैत्रीण अनिता ही भूमिका रीटाला मिळाली. रॉबिन्स यांनी तिचं काम ‘द किंग अँड आय’च्या वेळी पाहिलं होतं. तिने मात्र कित्येक वर्षांत असा कसून नाच केला नव्हता. चाचणीच्या आधी एका मैत्रिणीकडून पावलं शिकून घेऊन, पाय सुजेपर्यंत सराव करून ती गेली.

अनितामध्ये तिला काय सापडलं, ते तिने पुढे वारंवार सांगितलं आहे. तिच्या आजवरच्या भूमिकांत अशी बाई नव्हती. अनिता शिवणकाम करते, तिला मतं आहेत, ती प्रियकराशी चारचौघांत भांडते, स्वतःचा मान राखते. रीटाच्या आयुष्यात अनुकरण करावी अशी कुणी पोर्तो रिकन स्त्री पडद्यावर नव्हती. अखेर ती तिला स्वतःच साकारायला मिळाली.

आणि तरीही चित्रपटात पोर्तो रिकन माणसं शोधायला गेलात तर हाताशी फार थोडी लागतील. नायिका मारिया झाली नताली वुड, रशियन आईवडिलांची मुलगी, आणि तिची गाणी गायली मार्नी निक्सन यांनी. टोळीचा म्होरक्या बर्नार्डो झाले जॉर्ज चकिरिस, ग्रीक आईवडिलांचे. सगळ्यांना एकाच गडद तपकिरी रंगाने रंगवलं होतं. रीटाने रंगभूषाकाराला सांगितलं की आमच्या बेटावर सगळ्या रंगांची माणसं असतात, गोरी, सावळी, काळी, मग एकच रंग कशाला? त्यावर त्याने तिलाच विचारलं, तू वर्णद्वेष्टी आहेस काय? ती गप्प बसली. इतकी वर्षं झाली तरी सांगताना तिचा आवाज चढतो. पोर्तो रिकन मुलीला पोर्तो रिकन दिसण्यासाठी रंग लावावा लागला आणि पोर्तो रिकन वाटण्यासाठी जाड हेल काढावा लागला. तिच्या स्वतःच्या माणसांची भूमिकाही तिला उसन्या वेषातच मिळाली.

‘अमेरिका’ या गाण्याचाही प्रश्न होता. नाटकातल्या मूळ गाण्यात बेटाची निंदा होती, रोगराईचा उल्लेख होता. ते शब्द आपल्या तोंडून निघणार नाहीत, भूमिका सोडावी लागली तरी चालेल, असं तिला वाटू लागलं होतं. चित्रपटासाठी ते गाणं बदललं, आणि गच्चीवर पोरं विरुद्ध पोरी असा झगडा झाला. पोरी म्हणतात इथे सुख आहे, पोरं म्हणतात असेल, पण गोऱ्यांसाठी. जांभळा घागरा गरकन फिरवत ती जे नाचते, ते पाहताना मला आमच्याकडच्या फडावरच्या लावणीतली सवाल-जबाबाची चुरस आठवते. दोन्हीकडे पाय आणि शब्द एकमेकांना उत्तर देतात.

पण मला त्याहून मोठा वाटतो तो औषधविक्रेत्या डॉकच्या दुकानातला प्रसंग. अनिता निरोप घेऊन जाते आणि गोऱ्या पोरांची टोळी तिला घेरते. शिव्या देतात, ढकलतात, अंगावर येतात. चित्रीकरण चालू असताना रीटा कोसळली आणि हुंदके देत राहिली. ब्राँक्सच्या गल्लीतल्या जुन्या जखमा उघड्या पडल्या होत्या. ती पोरं, म्हणजे ते नट, तिच्याभोवती जमून तिची समजूत काढत होते की प्रेक्षक आमचा तिरस्कार करतील, तुझा नाही. आणखी एक गोष्ट तिने कित्येक वर्षांनी, २०२१च्या माहितीपटात, उघडपणे सांगितली. हॉलिवूडमध्ये आली तेव्हा तिच्या एजंटनेच तिच्यावर बलात्कार केला होता. आणि तरी तिने त्यालाच एजंट म्हणून ठेवलं, कारण तिच्यासाठी धडपडणारा दुसरा कुणी नव्हता. हे ठाऊक झाल्यानंतर तो दुकानातला प्रसंग पूर्वीसारखा पाहता येत नाही.

९ एप्रिल १९६२ची रात्र. चित्रपटाला दहा ऑस्कर मिळाली, त्यांतलं एक सहायक अभिनेत्रीचं, रीटा मोरेनोला. फिलिपीन्समध्ये एका चित्रपटाचं चित्रीकरण चालू होतं, तिथून ती धावत आली होती. जपानी ओबीच्या कापडाचा काळा-सोनेरी पोशाख मनिलातच शिवून घेतलेला. नाव पुकारल्यावर ती मंचावर गेली, विश्वास बसत नाही अशा अर्थाचं दोन वाक्यांत बोलली आणि उतरली. भाषण तयारच केलं नव्हतं, कारण ते आपल्याला मिळेल असं तिला वाटलंच नव्हतं. समोर ‘जजमेंट अ‍ॅट न्यूरेंबर्ग’साठी ज्युडी गारलंड होती. त्या रात्री न्यूयॉर्कच्या स्पॅनिश वस्तीत लोक खिडक्या उघडून ओरडत होते, जिंकली, पोरगी जिंकली, असं तिला नंतर समजलं. लॅटिन अमेरिकन वंशाच्या नटीला अभिनयाचं ऑस्कर प्रथमच मिळालं होतं.

आता तरी मनासारखी कामं येतील असं तिला वाटलं. आली ती टोळीयुद्धाच्या चित्रपटांतली, अनिताच्या फिक्या नकला. तिने ती नाकारली. आणि हॉलिवूडने तिला जवळजवळ विसरून टाकलं. हातात ऑस्कर आणि पुढ्यात रिकामी वर्षं. ती लंडनला गेली, रंगभूमीवर गेली, नाटककार लोरेन हॅन्सबरीच्या नाटकात काम केलं. २८ ऑगस्ट १९६३ला मार्टिन ल्यूथर किंग यांचं ते ऐतिहासिक भाषण झालं तेव्हा वॉशिंग्टनच्या त्या गर्दीत ती होती. नाही म्हणण्याची किंमत तिने रोख मोजली. कलावंताचा स्वाभिमान म्हणून आपण टाळ्या वाजवतो तेव्हा घरभाडं कसं भरलं जात होतं, हे आपण विचारत नाही.

नट मार्लन ब्रँडोबरोबरच्या प्रेमसंबंधाची आठ वर्षं मी थोडक्यात सांगते. लोकांना तेवढंच ठाऊक असतं आणि मला ते सर्वांत कमी महत्त्वाचं वाटतं. त्या नात्याने तिला इतकं पोखरलं की १९६१ साली तिने झोपेच्या गोळ्या घेऊन जीव द्यायचा प्रयत्न केला. ती वाचली, मानसोपचार घेतले आणि बाहेर पडली. १९६५ साली हृदयरोगतज्ज्ञ लेनर्ड गॉर्डन यांच्याशी लग्न केलं, मुलगी झाली, संसार पती २०१०मध्ये जाईपर्यंत टिकला. त्या संसारातही आपला श्वास कोंडत होता, हेसुद्धा तिने म्हातारपणी सांगून टाकलं.

आता मी ज्या कामाकडे येते आहे, ते माझ्या दृष्टीने ऑस्करच्या तोडीचं आहे. १९७१ साली अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर ‘द इलेक्ट्रिक कंपनी’ नावाचा मुलांचा कार्यक्रम सुरू झाला. ‘सेसमी स्ट्रीट’ करणाऱ्या संस्थेचाच. सात ते दहा वर्षांची जी मुलं वाचनात मागे पडली आहेत त्यांना हसतखेळत वाचायला शिकवायचं. त्यात एक गंमत असायची. पडद्यावर समोरासमोर दोन चेहऱ्यांच्या काळ्या आकृती. एक शब्दाचा पहिला तुकडा म्हणायची, दुसरी पुढचा, मग दोघी मिळून अख्खा शब्द. आपल्याकडे बाराखडी घोकताना जोडाक्षर जसं फोडून सांगतात तसं. या मंडळीत रीटा होती, तरुण मॉर्गन फ्रीमन होते. कार्यक्रमाच्या सुरुवातीला सगळ्या पोरांना हाक मारून जमवणारी जी आरोळी, ती रीटाची. १९७७पर्यंत ७८० भाग झाले, आणि अमेरिकेतल्या एका पिढीच्या कानात ती आरोळी आजही आहे.

ज्या मुलीला शाळेच्या पहिल्या दिवशी इंग्रजीचा शब्द कळला नव्हता आणि पुढे जिला पोटासाठी मोडकं इंग्रजी बोलावं लागलं होतं, तिने अमेरिकेच्या मुलांना इंग्रजी वाचायला शिकवलं. त्यांत तिच्यासारख्याच वस्त्यांतली किती मुलं असतील! या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रिकेसाठी तिला ग्रॅमी मिळाली. पण मला त्या पारितोषिकापेक्षा ते दोन काळे चेहरे महत्त्वाचे वाटतात. रंग नाही, हेल नाही, फक्त ओठांची हालचाल आणि त्यातून जमणारा शब्द.

त्याच काळात तिने तो उसना हेलही वसूल केला. मित्रमंडळींत, चित्रीकरणाच्या मधल्या वेळेत ती एका नवशिक्या पोर्तो रिकन गायिकेची नक्कल करायची. अफाट आत्मविश्वास, बेताचा गळा, आणि इंग्रजीचा पार भुगा. नाटककार टेरेन्स मॅकनॅली यांनी ती एका मेजवानीत पाहिली आणि तिच्यासाठी गूगी गोमेझ हे पात्र लिहिलं. १९७५चं ‘द रिट्झ’ हे प्रहसन. त्यासाठी तिला टोनी मिळालं. काही पोर्तो रिकन लोक रागावले, आमची टवाळी करते म्हणाले. तिचं म्हणणं असं की आमच्या तोंडी असली भाषा घालून वर्षानुवर्षं पैसे कमावणाऱ्या लेखकांना मी वेडावून दाखवते आहे. मी यावर पुष्कळ विचार केला आहे, आणि मला तिचं पटतं. पूर्वी लोक हेलाला हसायचे. गूगी बोलू लागली की हसू हेलाला येत नाही, त्या बाईच्या जिद्दीला येतं, आणि नाटक संपेपर्यंत प्रेक्षक तिच्या बाजूचा झालेला असतो. पण रागावणाऱ्यांचं दुःखही खोटं नव्हतं. जखम एकच, औषधं दोन.

पुढे ‘द मपेट शो’साठी १९७७ साली एमी, ‘द रॉकफर्ड फाइल्स’साठी १९७८ साली दुसरी. ऑस्कर, ग्रॅमी, टोनी, एमी या चारही मानांची ती तिसरी मानकरी. १९९७पासून ‘ऑझ’ या तुरुंगावरच्या मालिकेत ती मानसशास्त्रज्ञ जोगीण झाली, सिस्टर पीट. कैद्यांचं नुसतं ऐकून घेणारी. तिचं ऐकणं बघण्यासारखं आहे. बाईंना ते फार आवडलं असतं. न्यायमूर्ती सोनिया सोतोमायोर, ब्राँक्समध्येच वाढलेल्या, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचलेल्या, त्यांचं आत्मचरित्र २०१३ साली निघालं तेव्हा श्राव्य पुस्तकासाठी आवाज रीटाने दिला. एका पोर्तो रिकन मुलीची कहाणी दुसरीच्या आवाजात. या वेळी आवाज कुणाचा ते वेष्टनावर छापलेलं होतं.

पंच्याऐंशी उलटल्यावर २०१७ साली ‘वन डे अ‍ॅट अ टाइम’ ही मालिका आली. लॉस एंजेलिसमधलं क्यूबन घर, तीन पिढ्या, आणि त्यातली आजी लिदिया. लालभडक ओठ, पडदा सारून नाटकी प्रवेश, स्पॅनिश वळणाचं इंग्रजी. हाही हेलच. पण आता तो एका माणसाचा होता. कोणत्या बेटावरून, कोणत्या साली, कशामुळे आली, हे सगळं त्या बोलण्यामागे उभं होतं. १९६० ते ६२च्या दरम्यान क्यूबातून सुमारे चौदा हजार मुलं आईबापांना मागे ठेवून विमानाने अमेरिकेत धाडली गेली. लिदिया त्यांतली एक. मागे राहिलेल्यांची आठवण निघाली की लिदियाचा सगळा नखरा गळून पडतो. तिथे मला पोर्तो रिकोत राहिलेला तो धाकटा फ्रान्सिस्को दिसतो. हा जोड माझा आहे, तिने तसं म्हटलेलं नाही. पण नटाच्या पोतडीत दुसरं काय असतं?

शेवटी परत त्या दुकानात जाऊ या. २०१९ साली स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी ‘वेस्ट साइड स्टोरी’ नव्याने चित्रित केला. पोर्तो रिकन पात्रांसाठी लॅटिन अमेरिकन वंशाचीच मुलं घेतली. ती आपसांत स्पॅनिश बोलतात, आणि स्पीलबर्ग यांनी त्या संवादांखाली इंग्रजी अक्षरं मुद्दाम दिली नाहीत. ज्याला कळत नाही त्याने कान द्यावेत. जुन्या गोष्टीत दुकानदार डॉक होता. नव्या पटकथेत टोनी कुशनर यांनी त्याच्या जागी त्याची पोर्तो रिकन विधवा आणली, व्हॅलेंटिना, आणि ती रीटाला दिली.

आता तो प्रसंग बघा. नवी अनिता, अरियाना डिबोस, निरोप घेऊन दुकानात येते. पोरं तिला घेरतात, खाली पाडतात. दार उघडून एक ठेंगणी म्हातारी येते आणि त्यांना थांबवते. जिला साठ वर्षांपूर्वी त्याच प्रसंगात डॉकने येऊन सोडवलं होतं, ती आज सोडवायला आली आहे. तुम्हाला लहानाचं मोठं होताना मी पाहिलं आणि तुमचं हे काय झालं, असं ती त्या पोरांना सुनावते. आवाज फार चढत नाही. पोरं मान खाली घालून निघून जातात. हे चित्रित करताना तिला स्वतःलाच विलक्षण वाटत होतं, असं तिने सांगितलं आहे. पुढे अरियाना डिबोसला याच अनितासाठी ऑस्कर मिळालं.

त्याच चित्रपटात व्हॅलेंटिना एक गाणं गाते. कुठेतरी आपल्यासाठीही जागा असेल, अशा अर्थाचं. आधीच्या चित्रपटात ते प्रेमी जोडप्याचं गाणं होतं. त्या वेळी रीटाचं दुसरं एक गाणं पट्टी फार खालची म्हणून काही भागात बेटी वाँड यांच्या आवाजात भरून घेतलं होतं. या वेळी दुकानात ती एकटी बसली आहे, आणि सत्त्याऐंशी वर्षांचा आवाज कापत, थांबत, श्वास घेत पुढे जातो. कुणी त्याला सरळ केलेलं नाही. १० डिसेंबर २०२१ला अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत लोकांनी तो ऐकला. दुसऱ्या दिवशी रोसिता नव्वद वर्षांची झाली.